एका विशेषणाची दोन घराणी

एका वाचकांनी अशी पृच्छा केली आहे की, इंग्रजीतील 'लाइट' हे विशेषण पिसालाही लावतात आणि फिकट निळ्या रंगालाही, तेव्हा वजनाचा आणि उजेडाचा हा संबंध जुळला तरी कसा? उजेडाला वजन नसते म्हणून, अशी मखलाशी करण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु संबंध मुळात नाहीच. निराळ्या घराण्यांतील दोन शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन ठेपले, आणि तेही इतक्या पूर्वी की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही दोहोंचे 'लेओह्ट' असे एकच रूप आढळते.

दाखला इंग्रजीच्याच जर्मानिक कुळातल्या आइसलँडच्या भाषेत मिळतो. तेथे पीस 'ल्येत्तुर' आणि सोपी परीक्षाही 'ल्येत्तुर'. फिकट निळा मात्र 'ल्योसब्लाउर', कारण उजेड म्हणजे 'ल्योस'. म्हणजे वजनाचा अर्थ सोपेपणापर्यंत सरकला, उजेडापर्यंत नव्हे.

'नाइट', 'एट', 'डॉटर' या इंग्रजी शब्दांच्या लेखनात जी आणि एच ही जी मुकी अक्षरे उरली आहेत, त्यांच्या जागी एके काळी घशातून हकार निघत असे. आइसलँडकडे तोच हकार पुढील तकारात विलीन होऊन 'नोत्त', 'आउत्ता', 'दोत्तिर' अशी द्वित्त रूपे सिद्ध झाली. त्याच वहिवाटीने वजनाचा शब्द 'ल्येत्तुर' झाला. तो संस्कृत 'लघु'चा, आणि म्हणून आपल्या 'हलक्या'चाही, सगोत्र. उजेडाचा शब्द 'रुच्' धातूच्या कुळातला.

लॅटिन 'ऑक्टो'तील ककाराच्या जागी जर्मानिक भाषांत हकार यावा, ही असली नियमबद्धता १८२२ साली याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने पद्धतशीर मांडली आणि शास्त्राच्या दप्तरी ती त्याच्याच नावे दाखल झाली. वास्तविक रास्मुस रास्क या डेन्मार्कच्या पंडिताने, आइसलँडमध्ये राहून तेथील भाषा आत्मसात केल्यावर, १८१८ सालीच आपल्या प्रबंधात या व्यंजनसंवादांची मांडणी केली होती. हाच रास्क १८२० मध्ये इराणमार्गे मुंबईस आला, अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते मिळवून कोपनहेगनला घेऊन गेला, आणि अवेस्ताची भाषा अस्सल व प्राचीन असल्याचे त्याने १८२६ मध्ये साधार प्रतिपादिले. ग्रिमची थोरवी निर्विवाद आहे. पण त्या नियमाच्या सनदेवर पहिली सही रास्कची हवी, असा आमचा फैसला आहे.