लाकडी पक्ष्याच्या पायाखालचं पाणी

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी, क्रिसफील्ड हे कोळ्यांचं गाव आहे. लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ तिथे केशकर्तनालय चालवायचे आणि जोडीला लाकडाची बदकं कोरायचे. शिकारी ती बदकं पाण्यावर तरंगत ठेवत; वरून जाणारा थवा भुलून खाली उतरे. कोरणाऱ्यानं फक्त बदक करायचं, पाणी उपसागराचं. पुढे प्लास्टिकची बदकं स्वस्तात मिळू लागली आणि लाकडाची कपाटात जाऊन बसली. वॉर्ड बंधूंच्या नावानं १९६८ मध्ये संस्था निघाली, पक्षी कोरण्याच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या. लेम वॉर्ड यांना १९८३ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला. कपाटातल्या पक्ष्याला मात्र आता पाणीही कारागिरानंच द्यायचं होतं.

ते मिळालं रसायनशाळेतून. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान कवळ्यांसाठी चांगलं द्रव्य शोधत होते. त्या खटपटीतून १९३० च्या दशकात इपॉक्सी रेझिन हाती आलं. सीबा कंपनीनं तेच अ‍ॅराल्डाइट म्हणून बाजारात आणलं. आपल्या घरांत खणात पडलेल्या त्या दोन ट्यूबा, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर, याच कुळातल्या. कोरलेल्या पक्ष्याच्या पाण्यासाठी लागतं ते पातळ आणि नितळ. पुण्या-मुंबईत निळी नदी ओतलेली टेबलं विकायला असतात, तीही याचीच.

पण निळा रंग मिसळून ओतला म्हणजे पाणी होत नाही. ओढ्याचा रंग बहुतेक त्याच्या तळाचा असतो. म्हणून जाणता कारागीर आधी तळ रंगवतो: काठाशी वाळूचा फिकट पिवळा, आत शेवाळी, मध्यभागी जवळजवळ काळा. त्यावर खडे, कुजकी पानं, एखादी बुडालेली काटकी. मग बिनरंगाचं रेझिन. इथे भौतिकशास्त्रही आडवं येतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, इपॉक्सीचा साधारण १.५. वरून पाहिलं तर चार सेंटिमीटर पाणी तीन सेंटिमीटर खोल वाटतं, तेवढंच रेझिन मात्र जेमतेम पावणेतीन. खोलीचा भास हवा असेल, तर तो तळाच्या काळोखातूनच आणावा लागतो.

लाकूडही गप्प बसत नाही. त्याच्या छिद्रांत हवा असते. रेझिन घट्ट होताना तापतं, ती हवा फुगते आणि बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. यावर जुना उपाय म्हणजे आधी पातळ हात मारून छिद्रं बुजवायची, तोही लाकूड थोडं कोमट करून, निवत असताना. निवणारं लाकूड हवा बाहेर टाकण्याऐवजी रेझिन आत ओढतं. नंतर थर थोडे थोडे चढवायचे. नेहमीचं रेझिन एकदम जाड ओतलं, तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही; ते पिवळं पडतं, तडकतं, कधी धूरही निघतो. मिसळतानाही घाई नडते. भांड्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहिलं, तर तो डाग कायमचा चिकट.

आणि एवढं करून मिळतं ते निवांत डबकं. रेझिन आपणहून सपाट होतं. लाट त्यात राहत नाही. तरंग वरून चढवावे लागतात, जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेल ब्रशनं ओढून. खरी परीक्षा पायाशी असते. बगळ्याचा पाय पाण्यात शिरतो तिथे रेझिन केशाकर्षणानं वर चढतं आणि पायाला चकचकीत मोजा घातल्यासारखं दिसतं. पाण्याची कडाही वर चढते, पण केसभर. मग कारागीर भिंग लावून ती जादा चकाकी मॅट वॉर्निशनं मारतो आणि पायाभोवती वर्तुळं उमटवतो. पक्षी स्थिर असेल तर एखादंच, नुकतं पाऊल टाकलं असेल तर तीन-चार, बाहेर जाताना विरळ होत जाणारी. वर्तुळं मानेच्या रोखाशी जुळली नाहीत, तर पक्षी कितीही सुंदर कोरलेला असो, मन मानत नाही.

म्हणूनच मी या पाण्याला सजावट मानत नाही. पटाशीनं पिसं कोरताना पक्षी काय करतोय हे ठरवावं लागतं; पाण्याचंही तेच. स्पर्धांतल्या फोटोंत फेसाळ उसळ्या, हवेत थांबलेले थेंब दिसतात. त्यांत हातोटी अचाट असते, पण नजर पाण्यावरच खिळते आणि पक्षी मागे पडतो. मला उजवं वाटतं ते हातभर पाटावर, दोन बोटं उथळ पाण्यात उभं असलेलं काम.

आपल्याकडे सावंतवाडीसारख्या ठिकाणी लाकूडकामाची मोठी परंपरा आहे, हातही तयार आहेत. करून पाहायचं असेल, तर पहिलं पाणी तळहाताएवढंच करा. कोकणात पावसाळ्याचे दिवस टाळा. दमट हवेत काही रेझिनांवर मेणचट साय धरते. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घासताना मास्क लावा. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि मग हे काम कायमचं सोडावं लागतं.