'वेठ' आणि 'एहि'

माणसाला कामावर बोलावणाऱ्या शब्दांतून समाजरचना प्रकट होते. मराठीतील 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला. रुद्रदामनाच्या जुनागढ शिलालेखात (इ. स. १५० च्या सुमारास) प्रजेवर विष्टीचा भार न टाकता सुदर्शन तलावाचा बांध घातल्याचा उल्लेख आहे, अर्थात तो भार तेव्हा परिचित होता. पुढे वतनाच्या नावाखाली वेठ महारांच्या वाट्यास आली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली.

याउलट, इसिपतन येथे कौण्डिण्याने स्वतः प्रव्रज्या मागितली, तेव्हाच तथागतांनी 'एहि भिक्खु' म्हटले. वेठीत होकारास स्थान नाही. 'एहि'पूर्वी तो अनिवार्य आहे. धम्मकार्यास कोणासही बोलावताना हा भेद आपण विसरू नये, असे आम्हांस वाटते.