ऑक्साइडांची वर्णमाला

मी मराठीचा अध्यापक. तरीही आवर्तसारणीत मला आपली वर्णमालाच दिसते. क-वर्गात कठोराकडून मृदूकडे व अनुनासिकाकडे जावे, तसा तिसऱ्या आवर्तात डावीकडून उजवीकडे ऑक्साइडांचा स्वभाव पालटतो. सोडियम व मॅग्नेशियम यांची ऑक्साइडे आम्लारिधर्मी, ॲल्युमिनियमचे उभयधर्मी, तर सिलिकॉनपासून क्लोरीनपर्यंतची आम्लधर्मी. विरुद्ध स्वभावांच्या संयोगातून क्षार होतो. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली. पुढे तिच्यातील रिक्त घरांना त्याने संस्कृत ‘एक’ जोडून नावे दिली; त्याचे ‘एक-सिलिकॉन’ १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून गवसले.

हा स्वभावभेद महाराज बाड्यावरही वाचता येतो. तेथील जुन्या इमारतींच्या वालुकाश्माचे कण मुख्यतः सिलिकॉनच्या ऑक्साइडाचे, म्हणजे आम्लधर्मी. दरजांतला चुना मात्र कॅल्शियमच्या आम्लारिधर्मी ऑक्साइडापासून झालेला. धुरातील गंधकाचे ऑक्साइड दमट हवेत आम्ल बनते. ते वाळूच्या कणाला बाधत नाही, चुन्याला खाते. दगड टिकतो, सांधा सुटतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : सारणी पाठ करण्याआधी बाड्यावर जाऊन त्या दरजा एकदा न्याहाळाव्यात, आणि डागडुजीच्या वेळी चुन्याची आठवण ठेवावी.