काळजीच्या दिवसांतली शांती

श्रोतेहो, पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. कुणाच्या घरी आजारपण, कुणाच्या डोक्यावर कर्ज. शाळामास्तरांची तर वेगळीच अडचण. मुलांना धीर त्यांनी द्यायचा, मग त्यांना कोणी द्यायचा? अशा वेळी ‘देवावर हवाला ठेवा’ असं आपण सहज म्हणून जातो. पण हवाला ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? ख्रिस्ती श्रद्धेचे यावरचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसते. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, कुटुंबासह तीर्थे करीत हिंडायचे. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी, आणि स्वतःचे वय चोवीसही पुरे नव्हते!

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुम्ही म्हणाल, झालं, तिथे शांती मिळाली. नाही मिळाली. त्यांनीच लिहून ठेवले आहे की त्यानंतर सुमारे आठ वर्षे मनाला समाधान नव्हते. धर्म बुद्धीला पटला होता, पण देवाची कृपा आपण आपल्या चांगुलपणाने मिळवायची, हा हिशेब मनातून सुटत नव्हता. आपण जसे आहोत तसे देव आपल्याला पदरात घेतो, हे उमगले तेव्हा कुठे मन स्थिर झाले.

ख्रिस्ती शिकवणुकीतली मेख इथेच आहे, बरं का. तिथे शांती ही कमाई नव्हे, देणगी आहे. मग माणसाने स्वस्थ बसावे काय? येशूने डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा दाखला दिला आहे. पाखरू पेरीत नाही, कोठार भरीत नाही, हे खरे. पण दाण्यासाठी ते दिवसभर उडतच असते. काम आजचे करावे, उद्याचे ओझे आज उचलू नये, एवढाच त्याचा अर्थ.

रमाबाई तशाच वागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी मुलींत त्यांना आपलेच जुने दिवस दिसले असणार. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून बिऱ्हाड केडगावच्या शेतावर. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना सुरू केला. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. आपल्या मुली धर्म सोडतील ही लोकांची भीती काही अगदीच निराधार नव्हती. मतभेद राहिले, काम चालू राहिले. ‘मुक्ती’ आजही केडगावात आहे.

उतारवयात ऐकू येणे फार कमी झाले होते. तशात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर मांडले, थोडेफार वाचता येणाऱ्या बायाबापड्यांना कळेल असे. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात निघाला. खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या.