घशाचा कॅन्सर : ठाऊक असतं, तरी सुटत का नाही?

तत्त्वज्ञानाचा मास्तर घशाच्या कॅन्सरवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. उपचारांबद्दल मी बोलणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या भागावर. हा रोग कशानं होतो, आणि ते ठाऊक असूनही माणूस थांबत का नाही?

हा दुसरा प्रश्न जुना आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं असं की, वाईट आहे हे खरोखर कळलं तर माणूस ते करणारच नाही. ॲरिस्टॉटलला हे पुरेसं वाटलं नाही. त्यानं आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात यावर विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला सर्वसाधारण गोष्ट ठाऊक असते, पण 'समोरची ही वस्तू त्यातलीच आहे' हे ज्ञान त्या क्षणी जागं नसतं.

आता हे यवतमाळला लावून बघा. 'तंबाखूनं कॅन्सर होतो' हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण पानठेल्यावर उभं असताना 'हा खर्रा, हा माझा घसा' हे कुठं आठवतं? तंबाखूच्या पुडीवर निदान इशाऱ्याचं चित्र तरी असतं. घोटून दिलेल्या खर्र्याच्या पन्नीवर तेही नसतं. म्हणून आज मोघम नको, नेमकं बोलू.

खर्र्यात काय असतं? सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यानं तोंडातली नाजूक त्वचा सोलवटते आणि तंबाखूतलं निकोटिन लवकर शोषलं जातं. तंबाखूत कॅन्सर घडवणारी द्रव्यं असतातच. राहिली सुपारी. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, आणि ते प्रसिद्ध होऊन वीस वर्षं झाली. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवायला हवं. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. पुढं ती सुगंधी तंबाखू आणि खर्र्यालाही लागू झाली. तरी आपल्या चौकात काय चालतं, ते तुम्ही रोज बघता.

खर्र्याचा पहिला मार तोंडावर बसतो. रस गिळला जातो तेव्हा घसा आणि अन्ननलिकाही सुटत नाही. धुराचा मार मुख्यतः स्वरयंत्रावर. बिडी पानाची, म्हणून सौम्य, असा एक समज आहे. तेंदूपत्त्याची बिडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. ती सौम्य नाही. आणि बिडीच्या जोडीला दारू असेल, तर दोघांचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलजवळ होणाऱ्या काही कॅन्सरांमागं एचपीव्ही नावाचा विषाणूही असतो, त्यावर लस आहे. पण आपल्याकडचा मोठा वाटा तंबाखू, सुपारी आणि दारूचाच.

आता 'घसा' हा शब्द. आपण एकच शब्द वापरतो, पण आत जागा वेगवेगळ्या आहेत. स्वरतंतूवर बारीकशी गाठ आली तरी आवाज बसतो. म्हणजे रोग लवकर वर्दी देतो, आणि तिथून तो पसरतोही उशिरा. याउलट अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ आली तर ती बरेच दिवस गुपचूप वाढते. घास अडकायला लागतो किंवा मानेत गाठ हाताला लागते, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून एक हिशेब लक्षात ठेवा : तीन आठवडे. सर्दी-पडशानं बसलेला आवाज तोवर सुटतो. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला, गिळताना दुखणं, एकाच बाजूचा कान दुखत राहणं, मानेत गाठ, थुंकीत रक्त, तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, यातलं काहीही असेल तर मधाचं चाटण आणि मेडिकलमधल्या गोळ्या बाजूला ठेवा. आपल्या यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात जा. दुर्बिणीनं बघायला काही मिनिटं लागतात.

गावात एक भीती फार पसरली आहे. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.' हे खरं नाही. तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही, आणि या भीतीपायी गेलेले महिनेच माणसाला मारतात. स्वरतंतूचा कॅन्सर सुरुवातीला सापडला तर शेक देऊन किंवा लेझरनं बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही राहतो. उशीर झाला तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागू शकतं आणि श्वासासाठी मानेला कायमचं छिद्र राहतं. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रुग्णालयात चौकशी करा.

राहिला सोडण्याचा प्रश्न. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला, रोजीवर जाणाऱ्या माणसाला तंबाखू भूक आणि शीण विसरायला लावते. त्याला नुसतं 'सोड' म्हणणं सोपं आहे. निकोटिनचं व्यसन शरीरालाही लागलेलं असतं, म्हणून मदत घेण्यात कमीपणा नाही. 1800-112-356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथं सल्ला मिळतो. धूम्रपान सोडलं की पाच-दहा वर्षांत तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरचा धोका साधारण निम्म्यावर येतो. साठीतल्या माणसानंही 'आता काय उपयोग' म्हणू नये.

ॲरिस्टॉटलकडे परत जाऊ. सर्वसाधारण ज्ञान आपल्यापाशी भरपूर आहे. उणीव त्या क्षणाच्या ज्ञानाची आहे. ते जागं ठेवायला कधी कधी दुसरं माणूस लागतं. तुमच्या घरात, शेजारी कुणाचा आवाज महिनाभर बसलेला असेल, तर उपदेश करू नका. उद्या सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.