चिमूरची बंद केलेली बातमी

मुद्रणस्वातंत्र्याची गोष्ट निघाली की आपण पुण्यामुंबईकडे पाहतो. चांद्याच्या रानाकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः या स्वातंत्र्याचा एक विलक्षण झगडा आपल्या चिमूरच्या नावाने झालेला आहे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमुरात मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून काही सरकारी अंमलदार मारले गेले. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुढे गावात फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. निःपक्षपाती चौकशी व्हावी, एवढीच मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी नोव्हेंबरात उपोषण आरंभिले. प्रथम दिल्लीत, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या वणीच्या बापूजी अण्यांच्या दारी, आणि मग सेवाग्रामास.

सरकारने यावर जी युक्ती योजिली ती नीट समजून घेण्यासारखी आहे. तक्रार खोटी ठरवावयाची तर चौकशी करावी लागते, साक्षी घ्याव्या लागतात. त्यापेक्षा बातमीच बंद करणे सोपे! भारत संरक्षण नियम हाताशी होतेच. उपोषणाचे सारे बळ ते लोकांना कळण्यात असते. आता इकडे माणूस झिजत होता, आणि पत्र वाचणाराच्या दृष्टीने काहीच घडत नव्हते.

संपादकांनी काढलेला तोडगा आम्हांस फार मार्मिक वाटतो. आमची बातमी बंद, तर तुमचीही बंद! अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने नववर्षाच्या पदव्यांची यादी व गव्हर्नमेंट हाउसची परिपत्रके छापू नयेत असे ठरविले. ६ जानेवारी १९४३ रोजी तर देशातील अनेक पत्रांनी अंकच काढला नाही. नव्या रावबहादुरांचे त्या आठवड्यात काय झाले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. १२ जानेवारीला, ६३ व्या दिवशी, तडजोड होऊन उपोषण सुटले आणि बातमीवरील बंदी उठली. ज्या बायकांसाठी हे सारे झाले, त्यांच्या पदरी स्वतंत्र चौकशी मात्र पडली नाही.

आज छापखान्यावाचून कोणालाही चार लोकांपुढे आपले मत मांडता येते. परंतु असा लिहिणारा एकटा असतो. त्याच्या पाठीशी संपादक परिषद नसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या व पसंत केल्या म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलमाचा त्यांच्याविरुद्ध वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, पण त्यास २४ मार्च २०१५ उजाडावा लागला.