ओल मोजणाऱ्या बिनतारी पेटीची जोडणी



आपल्या भागात काही सभासदांनी ठिबकच्या उसात जमिनीची ओल मोजणारे सेन्सर बसविले आहेत. सेन्सर असतो मातीत आणि आकडा दिसतो मोबाईलवर. या दोहोंच्या मधे जी पेटी असते तिला गेटवे म्हणतात. आमच्याकडे तक्रार येते ती सेन्सरच्या नावाने, पण जागेवर जाऊन पाहावे तर दुखणे बहुधा पेटीच्या जोडणीत असते. पुरवठादाराचा माणूस येईपर्यंत चार-आठ दिवस जातात. एप्रिल-मे महिन्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यात आठ दिवस अंदाजाने पाणी देणे म्हणजे काय, हे आपणास सांगायला नको. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ऊस पाणी फार पितो, हा बोल तर आपल्याला कायमचाच. तेव्हा मोजून पाणी देण्याचे साधन घेतले असेल तर ते चालते ठेवण्याची विद्याही गावातच असली पाहिजे. ही जोडणी अवघड नाही. ज्याला मोबाईल वापरता येतो त्याला ती जमते.

आधी कामाची रीत समजून घेऊ. सेन्सर लहान बॅटरीवर चालतो आणि ठराविक वेळाने ओलीचा आकडा बिनतारी लहरींवर सोडतो. या पद्धतीला लोरा असे नाव आहे. ताकद थोडी, पण पल्ला लांबचा. उघड्या रानात हा निरोप काही किलोमीटर जातो. गेटवे तो पकडतो आणि आपल्या सिमकार्डावरून पुढे इंटरनेटवर पाठवितो. एका पेटीवर शेजारच्या पाच-दहा सभासदांचे सेन्सर सहज चालतात, म्हणून पेटी वर्गणी काढून घेतलेली बरी.

पेटीला वीज देण्यापूर्वी अँटेना पक्की फिरवून बसवा. अँटेनावाचून पेटी चालू केली तर लहरी सोडणारा भाग बिघडू शकतो. वीज दिल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा. पेटी स्वतःचे वाय-फाय सुरू करते. त्याचे नाव आणि पासवर्ड पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. मोबाईल त्या वाय-फायला जोडा आणि ब्राउझरमध्ये चिठ्ठीवरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. येथे पुष्कळांची गाडी अडते. पेटीच्या वाय-फायवर अजून इंटरनेट नसते, म्हणून मोबाईल आपल्या मनाने परत सिमच्या डेटावर जातो आणि पान काही उघडत नाही. मग लोक म्हणतात, पेटीच खराब आहे. मोबाईल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा, पान उघडेल.

पान उघडले की पहिले काम पासवर्ड बदलण्याचे. कारखान्यातून येणारा पासवर्ड एकाच बनावटीच्या हजारो पेट्यांना सारखाच असू शकतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर असेच मूळचे पासवर्ड लावून ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. आपल्या उसाच्या ओलीशी कोणाला काय देणे-घेणे, असे म्हणू नका. चोराला ओल नको असते, पेटी हवी असते. आणि जेथे या पेटीवरूनच ठिबकचा व्हॉल्व्ह उघड-मीट होतो, तेथे तर पासवर्ड म्हणजे मोटारीच्या स्टार्टरची किल्लीच. नवा पासवर्ड वहीत लिहा, पेटीवर लिहू नका. पुरवठादाराकडेच तो ठेवून आपण मोकळे होणे आम्हाला पसंत नाही.

दुसरे काम लहरींच्या पट्ट्याचे. आपल्या देशात अशा साधनांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याशिवाय मोकळा झाला. पुढे २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. शक्तीची मर्यादा मात्र पाळावी लागते. पेटीत देश निवडताना 'आयएन ८६५' हाच पर्याय घ्या. बाहेरून मागविलेली स्वस्त पेटी कधी कधी अमेरिकेच्या ९१५ च्या पट्ट्यावर बसविलेली असते. ती आपल्याकडे मोबाईल कंपन्यांच्या लहरींना जाऊन भिडते. शिवाय सेन्सर एका पट्ट्यावर आणि पेटी दुसऱ्यावर असेल तर दोघांची गाठ पडणे नाही. खरेदी करतानाच विचारून घ्या, अँटेनाही त्याच पट्ट्याची लागते. वेळही भारताची लावा, नाहीतर पहाटेचे पाणी रात्रीच्या नावावर नोंदले जाते.

नंतर प्रत्येक सेन्सरची नोंद. त्याला १६ अक्षरी क्रमांक आणि ३२ अक्षरी गुप्त किल्ली असते. यात शून्य ते नऊ अंक आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरे येतात. तेव्हा ओ दिसला तर तो शून्यच समजावा. बी आणि आठ मात्र दोन्ही असतात, तेथे चष्मा लावून वाचावे. आकडा दर पाच मिनिटांनी मागविण्याची हौस करू नये. मातीतील ओल इतक्या घाईने बदलत नाही, बॅटरी तेवढी लवकर संपते. अर्ध्या तासाने एक आकडा पुष्कळ झाला.

आता निरोप किती जोरात येतो ते पाहा. हा आकडा वजा असतो. विहिरीचे पाणी जमिनीखाली किती फुटांवर, तसे समजा. वजा ८० म्हणजे पाणी वर आहे, वजा १२० म्हणजे तळ दिसू लागला. जानेवारीत लावलेल्या सुरू उसात हा आकडा छान दिसतो. पण तोच ऊस श्रावणात डोक्यावर गेला की पानांतले पाणी लहरी पिऊन टाकते आणि निरोप तुटू लागतो. पावसाळ्यातला ऊस डोळ्यांपुढे ठेवूनच सेन्सरची अँटेना उंच बांबूवर घ्या. पेटी तर गावातील टाकीवर किंवा उंच घराच्या छतावर हवी, आणि तिच्या खांबाला अर्थिंग हवेच. आपल्याकडे बालाघाटाचा चढ-उतार आहे. मधे टेकडी आली तर जवळचे शेतही लागत नाही, उलट टेकडीवरच्या पेटीला दूरचे शिवार लागते.

आकडा आला म्हणून लगेच त्यावर पाणी देऊ नये. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. भेग सेन्सरपाशी पडली की त्याला मातीऐवजी हवा लागते आणि ओल असून कोरडे दाखवितो. पहिल्या हंगामात दोन-चार वेळा मुळाच्या खोलीवरची माती काढून मुठीत दाबून पाहा. वाफसा असताना आकडा किती होता, ते वहीत लिहा. तुमच्या रानाचा खरा आकडा तोच, पुरवठादाराच्या पत्रकातला नव्हे.

तोडणीची पाळी आली की टोळी फडात शिरण्यापूर्वी सेन्सर आणि बांबू काढून घ्या आणि सेन्सरचा क्रमांक कोणत्या सरीत होता तेही लिहून ठेवा. खोडव्याला पहिले पाणी देताना तो त्याच जागी परत बसवता येतो. पेटीतील नोंद तशीच राहते, किल्ली पुन्हा टाकावी लागत नाही.